यमुनाक्काची फेरतपासणी

फोन आला तेव्हा मी म्हैसूर रस्त्यावरच्या एका हॉटेलचा अहवाल टाइप करत बसले होते. यमुनाक्का सकाळीच व्हाइटफील्डला गेली होती, तिथे नव्याने उघडलेल्या एका गेस्टहाऊसच्या तपासणीला. फोनवर तिथला मॅनेजर होता. हिंदीत बोलत होता, आणि फार घाईत. तुमच्या मॅडम मागच्या बाजूला पडल्या, म्हणाला. मागच्या बाजूला म्हणजे कुठे, तिथे काय करत होत्या, असलं काही मी विचारलं नाही. कुठल्याही हॉटेलात गेली तरी पुढच्या दाराने आत शिरण्याआधी अक्का मागे जाऊन गटार बघायची, हे मला माहीत होतं. डॉक्टर येऊन गेले, तो म्हणाला, पण… आणि अडखळला. मग ‘सॉरी’ म्हणाला, आणि त्याच दमात विचारलं, की आता आमच्या रिपोर्टचं कसं होणार? बघू, म्हटलं मी. फोन ठेवला. टाइपरायटरच्या मशीनवरच्या कागदावर एक वाक्य अर्धं राहिलं होतं, ते पूर्ण केलं. मग ते पानही पूर्ण केलं. एका ठिकाणी अक्षर चुकलं होतं, त्यावर पांढरी शाई लावली, ती वाळेपर्यंत थांबले, नीट अक्षर उमटवलं. मग पर्स घेतली, दाराला कुलूप घातलं आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडलेसुद्धा. हे सगळं मला लख्ख आठवतं. तेव्हा मला काय वाटत होतं ते मात्र सांगता येत नाही, कारण काही वाटत नव्हतं. आता दीडेक महिना होत आला, अजूनही फारसं वाटत नाही. भेटेल तो सांगतो, रडून घे, मोकळी हो. अहो, नळ आहे का तो, सोडला की वाहायला?

तिला मी तोंडावर ‘अक्का, तुम्ही’ म्हणायची, आणि घरी तिच्याविषयी बोलताना ‘ती’. इथेही तेच ठेवते. यमुना राव हे तिचं नाव. शेकडो वर्षांपूर्वी इकडे येऊन बंगळूरचीच झालेली जी मराठी घराणी आहेत, त्यांतलं तिचं माहेर आणि सासरही. घरात मराठी, पण तिच्यात ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ असे कानडी शब्द मिसळलेले, की पुण्याच्या माणसाला अर्धं समजावं. मी बेळगावकडची, मला दोन्ही भाषा येतात, म्हणूनच तिने मला नोकरीवर ठेवलं असं ती म्हणायची. ती आधी सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायची. विहिरींचं, नळांचं, नद्यांचं. नवरा गेल्यावर मुदतीआधीच निवृत्ती घेतली. मूलबाळ नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशातल्या एका संस्थेने हॉटेलं, लॉज, जंगलातले कॅम्प यांना एक हिरवा शिक्का द्यायला सुरुवात केली होती. पर्यटकांनी येऊन जागा बघावी, पण ती खाऊन टाकू नये. गावाला पाणी उरावं, झाडं उरावीत, गावातल्या माणसांना काम मिळावं… आणि हे सगळं मोजता यावं, अशी त्यामागची कल्पना. जगभर एकच नियमावली, एकच मोजपट्टी. दक्षिणेकडच्या तपासण्यांसाठी त्यांना माणूस हवा होता, तो म्हणजे अक्का. इंदिरानगरातल्या तिच्या घराची पुढची खोली हेच ऑफिस. कर्मचारीवर्ग म्हणजे मी.

आमच्याकडच्या हॉटेलवाल्यांना या शिक्क्याचं काय कळणार? आम्ही येणार म्हटलं की बिचारे व्हरांड्यात चार कुंड्या वाढवून ठेवायचे. पण नियम लिहिणारेही काही कमी नव्हते. न्हाणीघराचे गुण होते ते कमी पाणी सोडणाऱ्या शॉवरला. ज्या लॉजमध्ये शॉवरच नाही, माणसं बादली-तांब्याने आंघोळ करतात, त्याला त्या रकान्यात शून्य! केळीच्या पानावर जेवण वाढलं तर ते एकदा वापरून फेकायच्या ताटांत मोडायचं, म्हणजे गुण वजा. उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच व्हायचं. एकदा संस्थेच्या एक बाई पाहणीला आल्या, उंच, उन्हाने लालबुंद झालेल्या. अक्काने त्यांना मुद्दाम एका साध्या खानावळवजा लॉजमध्ये उतरवलं आणि न्हाणीत बादली, तांब्या आणि बसायला पाट ठेवून दिला. बाई डोकं पुसत, हसत बाहेर आल्या. बादलीत तळाला पाणी उरलेलंच होतं, ते अक्काने त्यांना दाखवलं. जेवण झाल्यावर त्यांचं उष्टं पान त्यांच्याच हातात देऊन मागे गोठ्यात नेलं. गाईने पान ओढून घेतलं आणि चावायला लागली. “हे कुठल्या रकान्यात घालू ते सांगा,” अक्काने इंग्रजीत विचारलं. नियमावलीच्या पुढच्या आवृत्तीत तळाशी बारीक अक्षरांत एक टीप आली, की जिथे बादलीने आंघोळ करण्याची रीत आहे तिथे अमुक समजावं, आणि पानांचं तमुक. अक्काने ती टीप मला दोनदा मोठ्याने वाचायला लावली आणि मग खालच्या बेकरीतून माझ्यासाठी खारी बिस्किटं मागवली.

तिची कामाची पद्धत ठरलेली होती. आधी मागे जायचं. “पाणी कुठून येतं ते मालक सांगतो गं मंदा, कुठे जातं ते आपण बघायचं,” असं ती म्हणायची, आणि साडी घोट्याच्या वर खोचून गटाराच्या कडेकडेने चालायला लागायची. मी नाकाला रुमाल लावून मागे. दुसरी पद्धत डब्याची. ज्याची तपासणी करायची त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. नियमावलीत एवढं काही लिहिलेलं नव्हतं, तिथे फक्त भेटवस्तू घेऊ नये असं होतं. पण अक्का म्हणायची, की आपल्या माणसांना जेवू घातलेल्या पाहुण्याकडून न्याय नको असतो, गोड शब्द हवा असतो. म्हणून स्टीलचा डबा, त्यात दहीभात, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. दुपारी झाडाखाली किंवा पायरीवर बसून आम्ही दोघी जेवायचो आणि मालक लांबून बघत राहायचा. एका मॅनेजरला वाटलं बाई फार सोवळ्यातल्या आहेत. दुसऱ्या वेळी बिचाऱ्याने ब्राह्मण आचारी आणून उभा केला. अक्का त्या आचाऱ्याशी खूप गप्पा मारत बसली, पण जेवली डब्यातलंच. मला त्या दहीभाताचा वैताग यायचा. समोर बिर्याणीचा घमघमाट, आणि आपण लोणचं चोखतोय.

या दोन पद्धतींनीच पुढे घात केला, असं मला वाटतं. अक्काला एक धाकटा भाऊ होता, किट्टू. खरं नाव कृष्णाजी. तो अगदी लहान असताना आई गेली, आणि अक्कानेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. लग्न ठरलं तेव्हा किट्टूची शाळा संपेपर्यंत थांबायची अट तिने सासरच्यांना घातली होती, आणि ते थांबलेही. बंगळूरच्या उत्तरेला येलहंक्याच्या पलीकडे त्यांच्या वडिलांची आंब्याची बाग होती आणि बागेला लागून गावाचं तळं. थंडीत त्या तळ्यावर लांबलांबचे पक्षी उतरतात. वडील गेल्यावर अक्काने आपला वाटा हक्कसोड करून किट्टूच्या नावावर केला. त्याने तिथे कौलारू खोल्या बांधल्या, जुन्या घराचं जेवणघर केलं, आणि पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी लॉज उघडला. वरून विमानदलाची विमानं घरघरत जायची तेवढं सोडलं तर जागा सुरेख होती. इंग्लंडहून पक्षीवेड्यांचे गट आणणारी एक कंपनी त्याच्याकडे यायला तयार झाली, पण अट एकच, हिरवा शिक्का हवा. किट्टू एके दिवशी आंब्यांची करंडी घेऊन हसत हसत ऑफिसात आला. “घरचीच परीक्षा, अक्का. कधी येतीस?” अक्काही हसली. अर्जात एक प्रश्न होता, तपासणाऱ्याचे त्या जागेशी काही हितसंबंध आहेत का. तिने ‘नाहीत’ लिहिलं. मी म्हटलं, अहो अक्का, सख्खा भाऊ आहे. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं. “हक्क सोडला ना मी? लग्न होऊन गेलेली लेक गं. त्या जागेशी माझा काय संबंध?” ती हे मनापासून म्हणत होती, आणि तिकडे किट्टूला तितकंच मनापासून वाटत होतं की संबंध आहे म्हणून तर अक्का येतेय.

आम्ही गेलो त्या दिवशी त्याने अंगणात रांगोळी घातली होती. दाराला आंब्याची डहाळी. माहेरवाशीण यायची होती ना. चुलीवर होळिगे, म्हणजे इकडची पुरणपोळी, भाजली जात होती, तिचा वास गेटपर्यंत येत होता. पाटावर एक साडी आणि नारळ काढून ठेवलेला. किट्टू पायरीवर हात पुसत उभा होता. अक्का त्याच्या डोक्यावरून हात फिरवून सरळ घराला वळसा घालून मागे गेली. स्वयंपाकघराचं आणि न्हाण्यांचं सगळं पाणी आंब्याच्या झाडांखालून एका उघड्या पाटाने निघून तळ्यात पडत होतं. तळ्याच्या दुसऱ्या काठाला गावातल्या बायका भांडी घासत होत्या, गुरं पाणी पीत होती. अक्का त्या पाटाच्या तोंडाशी बराच वेळ उभी राहिली. बाटलीत पाणी घेतलं. खोल्या बघितल्या, कचरा बघितला, गावातली किती माणसं कामाला आहेत ते विचारलं. बाकी सगळं चांगलंच होतं. तोवर दुपार झाली. जेवणघरात केळीची पानं मांडून झाली होती. आणि अक्का, माझी शहाणी अक्का, आपल्या बापाच्या घराच्या पायरीवर बसली आणि तिने पिशवीतून डबा काढला.

मला वाटतं तिला स्वतःलाही ते कळलं असावं, कारण झाकण उघडून ती क्षणभर तशीच बसली. पण कितीतरी वर्षांची सवय… तिने भाताचा घास घेतला. किट्टू आत पानाजवळ वाढायला उभा होता, तो दारात आला. हातात तुपाची वाटी.

“अक्का,” तो म्हणाला, “इथे डबा आणलीस?”

“तपासणी आहे रे, राजा. झाली की मग जेवीन. उद्या येते जेवायला, परवा येते.”

“कुणाच्या घरी बसलीयस तू?”

तो आत गेला आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही. मी डब्यातला माझा भात तसाच झाकून ठेवला. त्या दिवशी मला पहिल्यांदा, आणि शेवटचाच, तिचा राग आला होता.

अहवाल मीच टाइप केला. सांडपाणी या एका कलमावर जागा नापास झाली. ते कलम असं होतं, की त्यात नापास झालं की बाकीचे गुण कितीही असोत, शिक्का नाही. कंपनीने गट दुसरीकडे नेले. किट्टूने अक्काला फोन करून एवढंच सांगितलं, असं तिनेच मला सांगितलं, की नापास केलीस ते सोड, ते तुझं काम आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगू? पण तू डबा आणलीस. अक्काने तो अहवाल कधी बदलला नाही. मला खात्री आहे, बदलावा असं तिच्या मनातही आलं नाही. तळ्याच्या त्या काठाला भांडी घासणाऱ्या बायका तिने बघितल्या होत्या, आणि बघितलेलं पाणी ती न बघितल्यासारखं करू शकत नव्हती.

नियमाप्रमाणे नापास झालेल्या जागेला फेरतपासणी मागता येते. दुरुस्ती केली की मालकाने कळवायचं, मग आम्ही जायचं. मालकाने बोलावल्याशिवाय तपासणाऱ्याने जायचं नाही, म्हणजे उगाच कुणाला छळल्यासारखं होत नाही. अक्का किट्टूच्या बोलावण्याची वाट बघू लागली. आज कळवेल, पावसाळ्यानंतर कळवेल, आंब्याचा मोसम संपला की कळवेल. ती बोलून दाखवायची नाही, पण येलहंक्याकडून कुणाचाही फोन आला की मशीनचा आवाज थांबवायला मला हाताने खूण करायची. किट्टूने कळवलं नाही. भाद्रपदात गौरीचा सण आला. कानडी मुलखात गौरीला माहेरून लेकीला बागिन येतं, दोन सुपं एकमेकांवर उपडी घातलेली, आत हळदकुंकू, बांगड्या, डाळतांदूळ, नारळ. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांनीही ही रीत केव्हाच उचललेली आहे. दरवर्षी किट्टू स्वतः घेऊन यायचा. त्या वर्षी बागिन आलं ते त्याच्या ड्रायव्हरच्या हाती. सुपं नवी, बांगड्या तिच्या मापाच्या, कशात काही उणं नाही, फक्त भाऊ नव्हता. पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्याही वर्षी. अक्का हळदकुंकू लावून घ्यायची, ड्रायव्हरला जेवू घालायची, आणि विचारायची, “तळ्यात पक्षी आलेत काय रे?” बस, तेवढंच.

मी तिला एकदा स्पष्टच म्हटलं, की अक्का, तपासणी गेली खड्ड्यात, तुम्ही बहीण म्हणून जा. रविवारी बस पकडा आणि जा. ती बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसत होती. “बोलावल्याशिवाय गेले ना,” म्हणाली, “तर मी गटार बघायलाच आले असं वाटेल त्याला. आणि खोटं कशाला सांगू, मंदा, माझे पाय मागेच वळतील.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी तोंडावर म्हणाले, तर हसली. एकदा आम्ही त्याच रस्त्याने पुढे दुसऱ्या एका रिसॉर्टला निघालो होतो. येलहंक्याच्या स्टेशनजवळ तिने टॅक्सी थांबवली, पेरू घेतले, चांगले पिशवीभर. मला वाटलं आता वळणार. ती रस्त्याच्या त्या फाट्याकडे बघत एक पेरू खात उभी राहिली, सगळा संपेपर्यंत, मग टॅक्सीत बसली आणि ड्रायव्हरला “सरी, चला,” म्हणाली. बाकीचे पेरू आम्ही आठवडाभर ऑफिसात खाल्ले.

दरम्यान जग पुढे गेलं. व्हाइटफील्डला लाल मातीच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, शिक्का हवा म्हणणारी हॉटेलं वाढली, आमच्याकडे कॉम्प्युटर आला, पण मी अहवाल मशीनवरच करत राहिले. अक्काने मला तपासणी शिकवली, मीही एकटी जायला लागले. तीही दमायला लागली होती. जिना चढताना थांबायची, छातीवर हात ठेवायची, विचारलं तर म्हणायची, साडी अडकते. आणि मग तो फोन.

शेवटचे विधी किट्टूनेच केले. अग्नी त्यानेच दिला. स्मशानात, नंतर घरी, तेराव्याला, तो सगळं सांगितल्याप्रमाणे करत होता, दर्भ घाल म्हटलं की घालायचा, पाणी सोड म्हटलं की सोडायचा. आम्ही दोघं एकमेकांसमोर बसायचो आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काही नसायचं. कोणीतरी बाई कुजबुजली, की बघा, शेवटपर्यंत बोलले नाहीत, आता डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. मला तिला काहीतरी चांगलं सुनवावंसं वाटलं, पण जीभ उचलली नाही. तेराव्याची माणसं पांगल्यावर तो चपला घालता घालता म्हणाला, “मंदाताई, एकदा तिकडे याल काय?” कशाला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात मी गेले. बसने येलहंका, पुढे रिक्षा. अंगणात रांगोळी नव्हती. किट्टूने या, बसा, काही म्हटलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. मला जरा विचित्र वाटलं. मग लक्षात आलं, की तपासणीला आलेल्या माणसाला खाण्यापिण्याचं विचारायचं नाही हे तो आता पाळत होता. “चला,” म्हणाला, आणि घराला वळसा घालून मागे निघाला.

आंब्यांखालचा तो उघडा पाट बुजवून टाकला होता. स्वयंपाकघराचं आणि न्हाण्यांचं पाणी आधी एका झाकलेल्या टाकीत, तिथून खडी आणि वाळू भरलेल्या लांबच लांब वाफ्यात जात होतं. त्या वाफ्यात कर्दळ लावलेली होती, माणसाच्या खांद्याएवढी वाढलेली, लाल आणि पिवळ्या फुलांनी भरलेली. वाफ्याच्या शेवटाला येणारं पाणी बागेतल्या आळ्यांत सोडलेलं. तळ्याकडे एक थेंब नाही. मी वाकून पाणी हातात घेतलं, वास घेतला. काही वास नव्हता. कर्दळीचे बुंधे जाडजूड होते, मुळं वाफ्याच्या कडेने बाहेर आलेली. हे काही या वर्षीचं काम नव्हतं.

“केव्हा केलंत?” मी विचारलं.

“नापास केलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी.”

“मग कळवलं का नाहीत? ती रोज वाट…”

“कळवलं असतं तर तिला वाटलं असतं, किट्टूला शिक्का हवा म्हणून बोलावतोय. मला शिक्का नको होता. मला ती यायला हवी होती. आपणहून. सहज.”

मी त्याला सांगितलं नाही की तिकडे ती काय म्हणत होती. सांगायला हवं होतं काय, मला अजून समजत नाही. कर्दळीच्या फुलांकडे बघत आम्ही दोघं उभे राहिलो. माझ्या आत काही हललं असेल, असेलही, पण मला तेव्हा फक्त पायाखालची खडी टोचत होती.

“मंदाताई, कागद नको मला,” तो म्हणाला. “अहवाल नको. तुम्हाला तिनेच शिकवलंय. तिच्यासारखं सगळं बघा, आणि ती असती तर काय म्हणाली असती तेवढं सांगा.”

मग मी साडी खोचली आणि चालायला लागले. सगळ्या बाजूंनी. जुन्या घराच्या पलीकडे त्याने चार खोल्या नव्या बांधल्या होत्या, तिथे चादरी-टॉवेल धुवायला दगडी कट्टा केला होता. एक बाई कपडे आपटत होती. कट्ट्याखालून एक नळी जमिनीत गेली होती. ती कर्दळीच्या दिशेला वळत नव्हती. मी उताराने खाली गेले. गवतातून, दगडांवरून, तळ्याच्या काठापर्यंत. नळीचं तोंड तिथे होतं, आणि त्याच्यापुढे पाण्यावर साबणाचा फेस, हाताच्या पंजाएवढा, हळूहळू फुटत होता.

मी तिथे उभी राहिले. माझ्या एका शब्दाने त्या माणसाला किती बरं वाटलं असतं! शिक्का द्यायचा नव्हता, कागद करायचा नव्हता, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. अक्का पास म्हणाली असती, एवढं बोलायचं की झालं. वळून बघितलं तर किट्टू वर, कट्ट्याजवळ, हात मागे बांधून उभा. शाळेतली मुलं निकालाच्या दिवशी उभी राहतात तसा.

मी वर आले. “धुण्याचं पाणी तळ्यात जातंय,” मी म्हटलं. “बाकी सगळं उत्तम आहे. पण हे जातंय. अक्का नापास म्हणाली असती.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता चिडणार. पण तो कट्ट्याच्या कडेवर बसला, ओल्या दगडावरच, आणि त्याचा सगळा चेहरा वेडावाकडा झाला. “होय,” म्हणाला. “होय, म्हणालीच असती. सोडलं नसतंच तिने.” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो रडला, मोठ्याने, धुणं धुणारी बाई हातातली चादर तशीच धरून बघत राहिली इतक्या मोठ्याने. मी त्याच्या शेजारी उभी होते. मला तेव्हाही रडू आलं नाही. त्याचा मात्र हेवा वाटला.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. ती नळी कर्दळीकडे वळवतो, म्हणाला, उतार काढावा लागेल, पण होईल, महिनाभरात होईल. मग परत बघावं लागेल, नाही काय?

“मालकाने बोलावल्याशिवाय फेरतपासणीला यायचं नसतं,” मी म्हणाले. नियम तोंडात बसलेला, आपोआप बाहेर आला.

किट्टूने मान वर केली. माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे, आंब्यांखालून गेटाकडे जाणाऱ्या वाटेकडे बघत होता.

“बोलावतोय की,” तो म्हणाला. “ये, अक्का.”

वाटेवर कुणी नव्हतं. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून मी म्हणाले, “येते.”